जहाज थांबलंय, उतरा की!

मुरगाव बंदरात जहाज लागलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आम्ही पाचजणी वरच्या डेकवर रेलिंगला टेकून गोवा शोधत होतो. समोर क्रेन, कोळशाचे ढीग, ताडपत्र्या, उभे ट्रक. ‘हा गोवा?’ एकजण म्हणाली. पाच मिनिटांत मतदान झालं आणि तिघींनी जहाजातच राहायचं ठरवलं. पूल आज रिकामा मिळेल, लंचचे पैसे भरलेलेच आहेत, वर एसी. खाली उतरलो आम्ही दोघीच.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे तुमच्याही ग्रुपवर हा प्लॅन शिजत असणार. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा क्रूझ निघतात, चौघांत एक केबिन केली की खर्च वाटला जातो, आणि रील्स तर तुम्ही बघितलेतच. पण त्या रील्समध्ये काय असतं आठवून बघा. पूल, बुफे, डीजे, केबिनची खिडकी. जहाज ज्या गावाला गेलं ते गाव कुठेय? क्रूझच्या भाषेत त्या गावाला ‘पोर्ट ऑफ कॉल’ म्हणतात, म्हणजे वाटेत थांबायचं बंदर. माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे उतरायचं, आणि शक्यतो स्वतःच्या पायांनी फिरायचं. साधं वाटतं ना? आमच्यात पाचातल्या दोघींनाच जमलं, आणि त्या दोघींनीही पहिल्या फटक्यात माती खाल्ली.

झालं असं. आमच्याकडे इन्स्टावरून सेव्ह केलेली यादी होती: पणजी, फोंतेन्हास, मिरामार, जुनं गोवं. संध्याकाळी साडेपाचला परत जहाजावर. मुरगाव बंदर वास्कोच्या टोकाला आहे आणि तिथून पणजी तीस किलोमीटरच्या आसपास, हे आम्ही उतरल्यावर मॅपवर बघितलं. बंदराच्या आत पायी हिंडू देत नाहीत, त्यामुळे आधी शटलने गेटपर्यंत. गेटवरच्या टॅक्सीवाल्या काकांनी सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गपचूप वास्कोचा बसस्टँड गाठला आणि कदंबाने पणजी. फोंतेन्हासमध्ये मोजून चाळीस मिनिटं मिळाली. त्यातली तीस पिवळ्या भिंतीसमोर फोटो काढायला रांगेत गेली, कारण आमच्या आधी आमच्याच जहाजातले अठरा-वीस लोक तिथे उभे होते. ते जहाजाच्या बसने आले होते. मग परतीची घाई. वास्कोला पोहोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि आम्ही सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं.

स्टँडजवळच्या एका हॉटेलात शिरलो. हॉटेल म्हणजे चार टेबलं. पातळ भाजी, पाव, मिरचीची भजी आणि चहा. शेजारच्या टेबलावर बंदरात काम करणारे दोन दादा जेवत होते. कोळशाच्या धुळीवरून गावात किती वाद झाले, ते त्यांनी आम्हाला सांगितलं. त्यांच्या घरात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात म्हणे. सकाळी आम्ही ज्या ढिगांकडे बघून नाक मुरडलं होतं, तेच ढीग. मग मार्केटमध्ये मासे बघितले, एका मावशींनी विकत काही घेत नाही म्हटल्यावरही चार माशांची कोकणी नावं शिकवली. त्या अख्ख्या ट्रिपमधलं मला नीट आठवतं ते हेच, आणि ते बंदरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं. पणजीला जायची गरजच नव्हती. पणजी काय, पुन्हा दोन दिवस काढून जाता येईल. पण आठ तासांच्या दिवशी गेटपासून पाच-सहा किलोमीटरच्या आत काय आहे ते आधी बघायचं, हे मी तेव्हा शिकले.

आता ‘जहाज सुटलं तर?’ हा प्रश्न. रास्त आहे. धक्क्यावर धावत येणाऱ्या लोकांचे व्हिडीओ तुम्ही पाहिले असतील, डेकवरून बाकीचे शिट्ट्या मारत असतात. जहाजाकडून घेतलेली सहल उशिरा आली तर साधारणपणे जहाज थांबतं. तुम्ही स्वतःच्या जिवावर गेलात तर थांबत नाही. फरक एवढाच आहे, आणि सहलीच्या किमतीत आपण बऱ्याच अंशी याच भीतीचे पैसे भरतो. त्यावर उपाय आहे तो म्हणजे परतायची वेळ पाठ करा, तिच्या दीड तास आधी बंदराच्या गावात असा, ओळखपत्र आणि जहाजाचं कार्ड खिशात ठेवा. परदेशात असाल तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, कारण काही वेळा गावाची वेळ वेगळी असते. बंदरातल्या एजंटचा नंबर केबिनमध्ये येणाऱ्या रोजच्या पत्रकात असतो, त्याचा फोटो काढा. बस्स. आणि जिथे भाषा येत नाही, अंतर मोठं आहे, वाहन मिळेल की नाही माहीत नाही, तिथे खुशाल जहाजाची बस घ्या, त्यात कमीपणा नाही. वास्कोत मात्र आम्हाला भाषा येत होती!

घरी आल्यावर आजीला हे सगळं सांगितलं तर ती हसली. ती लहानपणी बोटीने मालवणला जायची. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली कोकण बोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं असं एकेक बंदर घेत पणजीला पोहोचायची. बऱ्याच ठिकाणी बोट धक्क्याला लागायची नाही. समुद्रातच थांबायची आणि गावातून पडाव यायचे. हलत्या बोटीतून हलत्या पडावात पोरं, बोचकी, म्हाताऱ्या सगळ्यांना उतरवायचं. ‘तुमची बोट विजयदुर्गला थांबली नाही?’ आजीने विचारलं. थांबली नाही. विजयदुर्गासमोरून गेलो असू तेव्हा मध्यरात्र होती आणि डेकवर डीजे होता. किनारा कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. आजीच्या बोटीत बसायचं कारणच उतरणं हे होतं. आमच्या जहाजात उतरणं ऑप्शनला टाकलेलं.

आणि जहाजं जितकी मोठी होतायत तितका हा ऑप्शन मागे पडतोय. ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजात जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. अख्खं एक मोठं कॉलेज तरंगतंय असं समजा. आत वॉटरपार्क, थिएटर, डझनांनी रेस्टॉरंट्स. जहाज एवढं सगळं देत असेल तर गावाचं काय काम? कंपन्यांनी पुढचंही पाऊल टाकलंय. रॉयल कॅरिबियनने बहामामधल्या कोकोके बेटावर स्वतःचा वॉटरपार्क उभारलाय, आणि हैतीतला लाबादी हा किनारा भाड्याने घेऊन त्याला कुंपण घातलंय. तिथे प्रवासी हैतीत उतरायचे, पण हैती कुंपणाच्या पलीकडे राहायचं. पैसे जहाजाच्या गल्ल्यातून निघून जहाजाच्याच गल्ल्यात.

उलट जिथे खरं गाव आहे, तिथे गावाचा जीव मेटाकुटीला आलाय. सँटोरिनी बेटाची वस्ती पंधरा-सोळा हजार. तिथे आजही मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, आजीच्या पडावांसारख्या छोट्या बोटी प्रवाशांना जुन्या बंदरात आणतात, मग वर जायला केबल कार, गाढवं नाहीतर पाचशेच्या वर पायऱ्या. एका दिवसात चार-पाच जहाजं आली की तिथे काय होत असेल! २०२५पासून दिवसाला ८,००० क्रूझ प्रवासी ही मर्यादा घालावी लागली. व्हेनिसमध्ये ऑगस्ट २०२१पासून मोठ्या जहाजांना सॅन मार्कोसमोरून जायला बंदी झाली. अलास्कातल्या जुनोने दिवसाला पाच मोठी जहाजं ठरवली, डुब्रोव्हनिकने दोन. या गावांना पाहुणे नकोत असं नाही. सकाळी जहाजात भरपेट नाश्ता करून उतरणारा, चार तास गल्ल्या अडवणारा, फोटो काढून जेवायला परत जहाजावर जाणारा पाहुणा परवडत नाही. आता सांगा, फोंतेन्हासमधल्या त्या रांगेत मी यापेक्षा वेगळी होते का? नव्हते. पातळ भाजी खाईपर्यंत गोव्यात मी खर्च केला होता तो फक्त बसच्या तिकिटाचा.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर एक गोष्ट विसरताय. आपली मुंबईसुद्धा पोर्ट ऑफ कॉल आहे.

पावसाळा संपला की परदेशी क्रूझ बॅलार्ड पियरला यायला लागतात. सप्टेंबर २०२५मध्ये तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता, एकाच वेळी पाच जहाजं लागतील अशी सोय. चांगलंच आहे. पण हे लोक उतरून जातात कुठे? इंटर्नशिपमुळे माझं फोर्टात रोजचं येणंजाणं आहे, त्यामुळे बघते. छातीवर नंबरचे स्टिकर लावलेले पाहुणे एसी बसमधून गेटवेला उतरतात, ताजचा फोटो काढतात, मणिभवन बघतात, मग महालक्ष्मीच्या पुलावरून धोबीघाट, मरीन ड्राइव्हवरून एक चक्कर, परत जहाज. धोबीघाट पुलावरून! खाली काम करणारा माणूस त्यांना वरून दिसतो, बोलायचा प्रश्नच येत नाही. ही सवय तशी जुनी आहे. ब्रिटिशांच्या काळात बॅलार्ड पियरलाच मोल नावाचं स्टेशन होतं. विलायतेहून बोटीने आलेला साहेब धक्क्यावरच फ्रंटियर मेलमध्ये बसायचा आणि पेशावरच्या दिशेने निघून जायचा. मुंबईत न शिरता मुंबईतून जायची सोय.

गंमत म्हणजे या बंदराच्या गेटाबाहेर जे आहे ते पायी बघण्यासारखं आहे. ग्रीन गेटमधून बाहेर पडलात की बॅलार्ड इस्टेट लागतं. शेजारची गोदी खणताना निघालेली माती समुद्रात टाकून ही जमीन तयार झाली आणि तिथल्या इमारतींचा आराखडा जॉर्ज विटेटने केला. त्यानेच पुढे गेटवे ऑफ इंडिया बांधला. म्हणजे पाहुण्याने गेटवेला जायच्या आधी त्याच माणसाची अख्खी वसाहत ओलांडलेली असते, बसच्या काचेतून. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर एशियाटिकच्या पायऱ्या, समोर हॉर्निमन सर्कल, मग फ्लोरा फाउंटन, काळा घोडा आणि शेवटी गेटवे. सगळं मिळून तीन किलोमीटरच्या आत. मध्ये साडेअकराच्या सुमारास चर्चगेटकडे वळलात तर डबेवाले दिसतील, त्यासाठी तिकीट नाही. भूक लागली तर खाऊगल्ली आहे. घारापुरी हवीच असेल तर सकाळची पहिली लाँच पकडावी, सोमवार सोडून. लाँचला तासभर जायला, तासभर यायला, वर चढण, म्हणजे दिवस तिथेच संपतो. मी तर म्हणेन, पहिल्यांदा येणाऱ्याने घारापुरी सोडावी आणि चालावं. आमचे एक सर यावर चिडतील, पण असो.

फक्त चालायचं कसं? गेटाबाहेर फुटपाथ कुठे आहे, कुठे नाही. पायी रस्ता दाखवणारी एक साधी पाटी, मराठी-इंग्रजीत, ‘एशियाटिक इकडे, इतकी मिनिटं’ अशी, मला दिसली नाही. टर्मिनलवर इतका खर्च होतो, पाटीवर का होऊ नये? आणि ही जबाबदारी फक्त बंदराची आहे असं मला वाटत नाही. फोर्ट-चर्चगेट भागात आपली किती कॉलेजं आहेत! इतिहासवाले, मास मीडियावाले, टुरिझमवाले, आर्किटेक्चरवाले. फ्रेंच, जर्मन शिकणारी मुलंमुली तर बोलायला माणूस मिळत नाही म्हणून रडत असतात. जहाज येणाऱ्या दिवशी कॉलेजच्या चार पोरांनी पाहुण्यांच्या एका छोट्या गटाला तीन किलोमीटर चालवत नेलं, वाटेत टपरीवर चहा, खाऊगल्लीत एक डोसा, तर त्या पैशांतले काही टपरीवाल्याकडे राहतील आणि काही त्या पोरांच्या खिशात. जहाजांच्या तारखा आधीपासून ठरलेल्या असतात, म्हणजे लेक्चर बंक करायचं प्लॅनिंगही नीट होईल. (हे वाक्य एडिटर काढतील.)

मागच्या आठवड्यात हॉर्निमन सर्कलच्या कोपऱ्यावर एक वयस्कर जोडपं मला भेटलं. स्टिकर काढून शर्टाच्या खिशात ठेवलेला, तो अर्धा बाहेर डोकावत होता. बस सोडून चालत निघालेले. चहा कुठे मिळेल, असं आजोबांनी विचारलं. मी त्यांना आमच्या ऑफिसच्या मागच्या टपरीवर नेलं. ग्लास गरम लागला म्हणून आजीबाईंनी तो रुमालात धरला. कटिंग म्हणजे अर्धा चहा हे समजावताना माझी पंचाईत झाली, अर्धाच का, पूर्ण का नाही, हे त्यांना कळेना. टपरीवाल्या दादांनी अर्धा ओतून दाखवला. जहाज किती वाजता, असं मी विचारलं. सहाला, आत पाचला. तेव्हा सव्वातीन झाले होते. मी ग्रीन गेटचा रस्ता कागदावर काढून दिला आणि निघा असं सुचवलं, वास्कोचा अनुभव होता ना! आजोबांनी कागद घडी घालून स्टिकरच्या खिशात ठेवला आणि दादांना दोन बोटं दाखवली. आणखी दोन कटिंग.