स्कोअरशीट रद्दीत का जातात?

गेल्या महिन्यात प्रशिक्षकांची जी पत्रे आली, त्यांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आहे: स्पर्धा संपली की गुणतक्ता लगेच मिळतो, डाव मात्र मिळत नाहीत. तक्रार रास्त आहे. वरच्या पाच-दहा पटांचे डाव थेट प्रक्षेपणामुळे पीजीएनमध्ये येतात. खालच्या पटांवर काय खेळले गेले, याचा मागमूस राहत नाही.

फिडेच्या नियमांतील कलम ८ पाहा. चालीमागे तीस सेकंदांची वाढ असेल तर नोंद शेवटपर्यंत सक्तीची. ती जरा मागे पडली की पंच नऊ वर्षांच्या पोरालाही ताकीद देतात. डाव संपल्यावर दोघांच्या सह्या घेतात आणि आयोजकाच्या मालकीची म्हणून मूळ प्रत ताब्यात घेतात. बक्षीस समारंभ उरकला की तेच गठ्ठे रद्दीत! मालकी सांगायची आणि जपायचे नाही, हा कसला कारभार? टाइप करायला माणूस नाही, हे उत्तर आम्हाला मान्य नाही. प्रवेश शुल्क घेता, तर त्यातून एका मुलाचे मानधन काढा.

१८५५ साली कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रेनच्या डी४ ला घोडा एफ६, सी४ ला जी६ आणि घोडा सी३ ला डी५ असे उत्तर दिले; डाव मात्र ते हरले. अर्न्स्ट ग्रुनफेल्डने हा बचाव रूढ केला तो १९२२ मध्ये, आणि नाव त्याचे लागले. बॅनर्जींचा हक्क आज आपण सांगू शकतो, कारण तो डाव कुणीतरी टिपला, जपला.

याच ग्रुनफेल्डमध्ये आपली मुले एक्स्चेंज प्रकार वीस चालींपर्यंत पाठ करून येतात. समोरचा पंधराशे रेटिंगवाला चौथ्याच चालीला ई३ खेळतो, आणि पोरगे अर्धा तास विचार करत बसते. असे किती डाव होतात, पुढे काय होते, हे इंजिन सांगणार नाही. ते त्या रद्दीत आहे.

प्रशिक्षकांनो, तुम्हीही हात झटकू नका. इंजिन सुरू करण्याआधी विद्यार्थ्याच्या खिशातली कार्बन प्रत मागा, टाइप करा, आमच्याकडे पाठवा. हरलेले डाव आधी. आयोजकांनी सर्व पटांचे पीजीएन आठ दिवसांत देण्याची हमी माहितीपत्रकात छापावी. ती नसेल तर पालकांनो, शुल्क भरण्याआधी फोन करून विचारा.