निगेटिव्हच्या कडा कापू नका

घरोघरच्या ट्रंकांत आणि शाळांच्या कपाटांत जुन्या निगेटिव्हची पाकिटे पडलेली असतात. त्यांतील कित्येक निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या नसून चांगल्या तीन बोटांएवढ्या रुंद असतात. ही १२० नंबरची फिल्म. कोडॅक कंपनीने ती १९०१ साली काढली आणि आजही ती मिळते. आपल्याकडे आग्फाचा साधा क्लिक-३ कॅमेरा असो की स्टुडिओतला दोन भिंगांचा याशिका किंवा रोलायफ्लेक्स असो, त्यांत हीच फिल्म घालीत. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्मही या मापात मिळत असे.

अशा निगेटिव्ह आता फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवून संगणकात उतरविल्या जातात. हे काम चांगलेच आहे. मात्र ते करताना चित्राच्या चारही कडा आणि त्यांबाहेरची थोडी कोरी किनारसुद्धा स्कॅनमध्ये आली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘कोरी किनार घेऊन काय करायचे?’ असे पुष्कळजण विचारतात. त्यांत मुरलेले छायाचित्रकारही असतात. त्यांना उत्तर देण्यापूर्वी या कडा कापल्या कशा जातात ते पाहू.

१२० फिल्मची रुंदी सुमारे ६१.५ मिलिमीटर असते. ‘सहा बाय सहा’ म्हणून ओळखले जाणारे चौरस चित्र प्रत्यक्षात सुमारे ५६ मिलिमीटरचे असते. म्हणजे दोन्ही बाजूंस जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जागा उरली. स्कॅनरबरोबर येणारी प्लॅस्टिकची पट्टी एवढ्याशा जागेत फिल्म पकडते. फिल्म थोडी सरकली किंवा पट्टीची खिडकी थोडी अरुंद असली, की चित्राची कड तिच्याखाली गेलीच! शिवाय साध्या कॅमेऱ्यांतील चौकट नेमकी ५६ मिलिमीटरचीच असेल असेही नाही.

दुसरी कात्री संगणकाच्या प्रणालीत असते. चित्र कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे ती उजेडातील फरकावरून ‘ओळखते’. निगेटिव्हमध्ये दृश्याचा काळोखा भाग पारदर्शक असतो आणि कोरी किनारही पारदर्शकच असते. आता रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र घ्या. त्यातील काळे आकाश आणि फिल्मची किनार यांत यंत्राला फरक दिसत नाही. ते आकाशच किनार समजून कापून टाकते आणि कडेचे दोनचार तारे त्याबरोबर नाहीसे होतात. आकाशदर्शन मंडळाच्या विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

प्रत्येक बाजूने फक्त २ मिलिमीटर कापले गेले तर किती नुकसान होते? ५६ ऐवजी ५२ मिलिमीटरचा चौरस उरला. क्षेत्रफळाचे गुणोत्तर काढा: २७०४ भागिले ३१३६. चित्राचा जवळजवळ १४ टक्के भाग गेला! शाळेच्या वर्गाचे छायाचित्र असेल तर रांगेच्या टोकाचा मुलगा किंवा बाजूला उभा असलेला शिपाई या १४ टक्क्यांत असू शकतो. चौरस निगेटिव्हवरून आयताकृती कागदावर प्रत काढताना स्टुडिओवाले वरचा-खालचा किंवा बाजूचा भाग सोडूनच देत. त्यामुळे घरच्या आल्बममध्ये जो माणूस नाही तो निगेटिव्हमध्ये सापडण्याचा संभव असतो. तेथूनही त्याला आपणच घालवावे हे मला पटत नाही.

पण माझा खरा आग्रह मोजमापासाठी आहे. ज्यांना छायाचित्रावरून अंतरे मोजायची असतात त्यांना चित्राचा मध्य आणि प्रमाण माहीत असावे लागते. १९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर नेलेल्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यात फिल्मच्या लगत एक काच बसविली होती. तिच्यावर १० मिलिमीटर अंतराने २५ बारीक फुल्या कोरलेल्या होत्या. त्या प्रत्येक चित्रावर उमटत. त्यामुळे चित्र कितीही लहानमोठे केले तरी प्रमाण हरवत नसे. त्याच कॅमेऱ्याने आर्मस्ट्राँगने काढलेले ऑल्ड्रिनचे जगप्रसिद्ध छायाचित्र मूळ फिल्मवर पाहिले तर ऑल्ड्रिनचे शिरस्त्राण चौकटीच्या वरच्या कडेला अगदी खेटलेले आढळते. वर्तमानपत्रांत जे झळकले त्यात डोक्यावर काळे आकाश नंतर वाढविलेले होते! मूळ चौकट जपून ठेवलेली आहे म्हणूनच हे आपणास आज सांगता येते.

आपल्या घरच्या कॅमेऱ्यांत फुल्यांची काच नव्हती. तेथे चौकटीच्या चार कडा हीच आपली मोजपट्टी. चारही कोपरे दिसत असतील तर कर्ण काढा. ते जेथे छेदतात तेथे बहुधा भिंगाचा अक्ष असतो. एक उदाहरण घेऊ. याशिका-मॅट १२४ जी कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर ८० मिलिमीटर आहे. समजा, त्याने काढलेल्या एका छायाचित्रात देवळापुढील दीपमाळ आहे आणि आज ती पडून गेली आहे. पूर्ण चौकट ५६ मिलिमीटर धरून मोजले तर दीपमाळेची प्रतिमा २० मिलिमीटर भरते. छायाचित्रकार ज्या पायरीवर उभा होता ती ओळखता आली आणि तेथून दीपमाळेच्या जोत्यापर्यंतचे अंतर टेपने ४० मीटर भरले. समरूप त्रिकोणांवरून उंची : ४० = २० : ८०, म्हणजे दीपमाळ १० मीटर उंच होती. कॅमेरा तिरपा धरलेला नसला पाहिजे, ही अट मात्र विसरू नका. नववी-दहावीच्या भूमितीच्या शिक्षकांना मी हा प्रयोग आग्रहाने सुचवीन. कडा कापलेल्या आणि मग लहानमोठ्या केलेल्या प्रतीवर तो करता येत नाही, कारण ५६ मिलिमीटर म्हणजे किती हे सांगणारे तीत काही उरलेले नसते.

किनारीवरील छापील अक्षरेही उपयोगी असतात. फिल्म बनविणाऱ्याचे नाव आणि चित्राचा क्रमांक तेथे असतो. ती अक्षरे स्कॅनमध्ये उलटी दिसली तर चित्रही डावे-उजवे उलटले आहे असे समजावे. धोतराच्या निऱ्या किंवा दुकानाची पाटी नेहमीच मदतीला येते असे नाही!

आता कृती. प्रणालीतील आपोआप चौकट शोधण्याची सोय प्रथम बंद करा आणि सगळ्या काचेचे पूर्वदृश्य मागवा. मग स्वतः आयत आखा. आधी तो चित्राच्या आत आखून उजेड-अंधाराच्या मर्यादा ठरवा, त्या कायम करा आणि नंतर आयत किनारीपर्यंत वाढवा. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोऱ्या किनारीसकट मोजणी झाली तर यंत्र तिच्या लख्ख उजेडाने फसते आणि चित्र फिके येते.

स्कॅनरची पट्टी अरुंद असेल तर जाड काळ्या कार्डाची नवी करावी. खिडकी ५९ मिलिमीटर रुंद कापली की फिल्म दोन्हीकडे सव्वा मिलिमीटर टेकते. मूळ पट्टीच्या टोकाला एक मोकळी फट असते. तिच्यातून स्कॅनर आपल्या दिव्याचा उजेड तपासतो. म्हणून कार्डातही ती त्याच जागी ठेवावी. ती झाकली गेली तर चित्रावर रेघा उमटतात. कार्डाची जाडीही मूळ पट्टीइतकीच साधावी, कारण काही स्कॅनरांची भिंगे काचेच्या किंचित वर केंद्रित केलेली असतात.

फिल्म थेट काचेवर ठेवण्याचा मोह होतो. त्याने कडा सगळ्या दिसतात हे खरे, पण फिल्म आणि काच यांमधील हवेच्या पातळ थरामुळे न्यूटनची रंगीत वलये उमटतात. पुस्तकात वाचलेला व्यतिकरण हा प्रकार पाहायचा असेल तर एकदा जरूर करून पाहा. एरवी ते टाळावे. फिल्मची मंद, बिनचकाकीची बाजू काचेकडे ठेवली तर वलये कमी होतात. मात्र चित्र उलटते का ते किनारीच्या अक्षरांवरून पाहून घ्यावे.

जागा फार लागते, ही तक्रार हिशेबात टिकत नाही. इंचाला २४०० बिंदू घेतले तर ५६ मिलिमीटरच्या चौरसात सुमारे २ कोटी ८० लाख बिंदू येतात आणि किनारीसह ६० मिलिमीटरचा चौरस घेतला तर सुमारे ३ कोटी २१ लाख. कृष्णधवल चित्रात बिंदूमागे दोन बाइट धरल्यास फरक आठ मेगाबाइटच्या आसपास पडतो. भिंतीवर लावायची प्रत हवी तशी कापावी, तिला माझी हरकत नाही. तिला वेगळे नाव द्यावे, एवढेच. आणि स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह फेकू नका. तिला परत पाकिटात घाला आणि पाकिटावर तोच क्रमांक लिहा जो संगणकातील प्रतीला दिला आहे.