प्लास्टर निघाले तरी मोजणी हवीच

पाय मोडलेल्या मुलाचे उपचार प्लास्टर काढले की संपले, हे आम्हाला मान्य नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके भिवपुरी-कर्जतच्या शाळांत वजन-उंची तपासतात. पाय मोडून गेलेल्या मुलांच्या दोन्ही पायांची लांबीही त्यांनी मोजावी.

मांडीचे हाड गुडघ्यालगतच्या वाढीच्या कूर्चेतून वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वाढते. हाड मोडताना तिला इजा झाली, तर दहाव्या वर्षी नजरेत न भरणारा लांबीतला फरक चौदाव्या वर्षी लंगडण्यात दिसतो. वेळेत कळले, तर दुसऱ्या पायाची वाढ छोट्या शस्त्रक्रियेने रोखता येते. वाढ थांबल्यावर ती वाट बंद होते.

वाडीवरच्या मजुराने दर वेळी रोजंदारी बुडवून तपासणीसाठी मुंबईत परळचे रुग्णालय गाठावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. कर्जत उपजिल्हा रुग्णालयात बाल-अस्थिरोग तपासणीचा मासिक दिवस याच शैक्षणिक वर्षात जाहीर करा.