नेऊन आणलेली बायको

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. परक्यांशी नाही, घरच्यांशीच. इथे वाचायला येणारे निम्मे लोक घरचेच, तेव्हा राग मानू नका. मानलात तरी मुद्दा पूर्ण वाचा, एवढीच विनंती.

आमच्या घराण्यात लग्नकार्याला चार डोकी जमली की १९७९ च्या आमच्या मोटारसायकल सहलीचा विषय निघतोच. सांगणारा कुणीही असो, वाक्य ठरलेलं... "काकांनी काकूला येझदीवरून पार जोगच्या धबधब्यापर्यंत नेऊन आणलं!" मग सगळे कौतुकाने यांच्याकडे बघतात. कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणतं, "काकू, हौस केली हो तुमची!"

माझा सगळा जन्म मुलांना कर्ता आणि कर्म शिकवण्यात गेला. त्यामुळे हे वाक्य कानाला खुपतं. कर्ता काका, कर्म काकू. अहो, गिरणीत दळणाचा डबा नेऊन आणतात. हजारावर किलोमीटर, आठ दिवस, दोन राज्यं आणि मध्ये गोवा (ते तेव्हा राज्य नव्हतं, केंद्रशासित होतं) एवढा प्रवास जागेपणी करणाऱ्या बाईला नेऊन आणत नाहीत. ती जाते आणि येते.

आता मागे बसून मी काय केलं, ते ऐका.

दिवाळीच्या सुट्टीत सातारा सोडलं. कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता. येझदी दोन-स्ट्रोक, पेट्रोलबरोबर ऑईल मापून घालावं लागे. ते माप आणि त्याचा हिशेब माझ्याकडे. नकाशा माझ्या पिशवीत. मुक्काम कुठे, पैसे किती उरले, अंधार पडायच्या आत कुठलं गाव गाठायचं, हे मी ठरवत होते, कारण यांचं लक्ष खड्ड्यांवर. जुवारीवर तेव्हा पूल नव्हता. आगशीला गाडी फेरीबोटीत चढवायची आणि कुठ्ठाळीला उतरवायची. कारवारजवळ काळी नदीवरही तेच. (त्या नदीवर पुढे पूल झाला आणि तो जुना होऊन ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळलाही. आमची सहल त्याच्यापेक्षा वयाने मोठी!) ओल्या फळीवरून गाडी चढवताना हँडल यांच्या हातात, पण मागून रेटा माझा.

आणि मुख्य गोष्ट बसण्याची. कोल्हापूरपर्यंत मी साडीत, दोन्ही पाय डावीकडे, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. कोल्हापूरला नणंदेचा पंजाबी ड्रेस घातला आणि दोन्हीकडे पाय टाकून बसले. मास्तरीणबाई अशा बसल्या, हे गावात कळलं तेव्हा काय काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही. पण आंबोलीचा घाट उतरताना फरक दोघांनाही कळला. एका बाजूला बसलेल्या माणसाचं वजन गाडीला एकीकडे ओढतं, चालवणाऱ्याला ते सतत सावरावं लागतं. समोरचं वळण दिसत नाही, गुडघ्यांनी सीट धरता येत नाही, जोरात ब्रेक लागला तर आधार नाही. दोन्हीकडे पाय असले की वळणावर मागचा माणूस पुढच्याबरोबर कलतो. म्हणजे गाडी दोघं मिळूनच तोलतात. हे स्वतः म्हणतात, "आपण गेलो होतो." त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई, पन्नास वर्षं होत आली, एका क्रियापदासाठी केवढी ही कटकट!

कटकट क्रियापदासाठी नाही. जी गोष्टीत मोजली जात नाही, ती रस्त्यावरही मोजली जात नाही, म्हणून आहे. रोज बाल्कनीतून बघते... पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बायको उघड्या डोक्याने, एका बाजूला पाय, मांडीवर मूल, एका हातात मूल आणि दुसऱ्या हातात पिशवी. स्वतःला धरायला हात कुठून आणणार? गाडी पडली तर रस्ता विचारत नाही की चालवत कोण होतं आणि नेलं जात कोण होतं.

कायद्याने मात्र तिला केव्हाच मोजलंय. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ हेल्मेट चालवणाऱ्यालाही सांगतं आणि मागे बसणाऱ्यालाही. १९८९ च्या नियमांत मागच्याला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण, ही तिन्ही सक्तीची आहेत. आणि आपली पोरं ते साडीगार्ड पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. का? तर गाडी 'ऑड' दिसते!

"पूर्वी कुठे होती हेल्मेटं? तुम्ही नाही का सुखरूप आलात?" हा प्रश्न मला ठाऊक आहे. अरे, जे सुखरूप येतात तेच पुढे लग्नात बसून गोष्टी सांगतात. जे आले नाहीत त्यांची गोष्ट तुम्ही ऐकलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

"केस विस्कटतात, गजरा चुरगळतो, कोपऱ्यावरच तर जायचंय." गजरा मंगल कार्यालयात पोचल्यावर माळावा. आणि अपघात कोपरा आणि कन्याकुमारी असा भेद करत नाही.

साडी सोडा असं मी मुळीच म्हणत नाही. मी आजही साडीच नेसते. गाडीवर लांब जायचं तर दोन्हीकडे पाय टाकता येतील असे कपडे घाला आणि पोचल्यावर बदला, इतकं साधं आहे. सासूबाईंनी, आत्याबाईंनी त्यावर नाक मुरडू नये. (आता त्या मीच आहे, तेव्हा हा प्रश्न आमच्याकडे सुटला.)

येत्या मार्गशीर्षात घरात लग्न आहे. नवरा-नवरी मोटारसायकलवरून कोकणात जाणार म्हणतात. आनंद आहे! माझ्याकडून आहेर म्हणून दोन हेल्मेटं येतील, दोन्ही सारख्याच किमतीची. आणि सूनबाई, नकाशा तुझ्या हातात असू दे... परत आल्यावर कुठे कुठे गेलात ते तू सांग.