मुरलेली बाटली आणि ‘गावठी’ फूल : चवीच्या इतिहासातील एक पक्षपात

१/ इंग्लंडमधील ‘एल’ नावाची तीव्र बिअर बाटलीत वर्षानुवर्षे मुरवून चाखली जाते. तिच्या रसग्रहणात शेरी, खजूर, मनुका, जुने चामडे अशी शब्दकळा फुलते. मोहाच्या मद्याचे नाव काढताच मात्र तोच रसिक ‘गावठी’ म्हणून नाक मुरडतो. हा भेद जिभेने केलेला नाही. तो सत्तेने आणि कायद्याने घडवला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

२/ आधी एलची थोरवी मान्य करू. इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांत ऑक्टोबर महिन्यात कडक बिअर गाळून ती तळघरात दोन-दोन वर्षे ठेवीत. वारस जन्मला की पिंप भरायचे आणि त्याच्या एकविसाव्या वाढदिवशी उघडायचे, अशीही प्रथा होती. या परंपरेचे आधुनिक वारस म्हणजे १९६८ साली कादंबरीकाराच्या नावाने निघालेली ‘थॉमस हार्डीज एल’ आणि १९९७ पासून दरवर्षी भरली जाणारी ‘फुलर्स व्हिंटेज एल’. हिच्यात मद्यार्क साधारण साडेआठ टक्के असतो.

३/ ती मुरते कशी? बाटलीत थोडे जिवंत यीस्ट शिल्लक राहते आणि आंबण्याची क्रिया संथपणे चालू राहते. हॉप्स या फुलांचा कडवटपणा ओसरतो. झिरपणाऱ्या प्राणवायूमुळे शेरीसारखी छटा येते. जुन्या पिंपांतील एलच्या खास गंधाचे कारण क्लाउसेन या संशोधकाने विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत शोधले. ते निघाले एक वन्य यीस्ट! त्याचे ‘ब्रेटॅनोमायसिस’ हे नावच ‘ब्रिटिश बुरशी’ अशा अर्थाचे आहे. थोडक्यात, तेथे रानटी यीस्ट ही खानदानी चव ठरते. मोहाची फुले हवेतल्या यीस्टने आंबली की तीच गोष्ट अस्वच्छता ठरते.

४/ आता एका लाडक्या दंतकथेकडे वळू. ‘भारताच्या दीर्घ सागरप्रवासात टिकावी म्हणून हॉजसन नावाच्या लंडनच्या मद्योत्पादकाने मुद्दाम कडक इंडिया पेल एल शोधली,’ असे सर्रास लिहिले जाते. बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी ही कथा पुराव्यांनिशी खोडली आहे. उष्ण प्रदेशात जाणाऱ्या बिअरमध्ये जास्त हॉप्स घालावेत, हा सल्ला हॉजसनच्या आधीपासून रूढ होता. काळी पोर्टर बिअरही तोच प्रवास करून सुखरूप पोहोचत होती. शिवाय त्या काळच्या मानाने पेल एल फारशी कडक नव्हतीच.

५/ हॉजसनचे खरे भांडवल भूगोलाचे आणि उधारीचे होते. त्याचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होता आणि कप्तानांना तो दीर्घ मुदतीची उधारी देई. भारतात पोहोचल्यावर पेल एल प्रामुख्याने साहेबाच्या मेजावर जाई, तर पोर्टर गोऱ्या शिपायाच्या पेल्यात. म्हणजे चवीची उतरंड जहाजातूनच उतरली होती.

६/ मुरवण्याची कला आपल्याला साहेबाने शिकवली काय? वाग्भटाच्या अष्टांगहृदयात नवे मद्य जड व दोषकारक आणि जुने त्याच्या उलट, असा विवेक स्पष्ट आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण असून उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवस मद्य गाळण्याची मुभा आहे. हालाच्या गाथासप्तशतीत गोदाकाठचा मोह फुललेला दिसतो. खुद्द मराठीतला ‘पहिल्या धारेची’ हा वाक्प्रचार घ्या. तो भट्टीवरचा आहे आणि त्यामागे जाणकाराची पारख आहे.

७/ तुच्छता इंग्रजांपूर्वीही होती, हे मान्यच केले पाहिजे. स्मृतिकारांनी सुरापानाला महापातकांत बसवले होते. इंग्रजांनी त्या तुच्छतेला पोलिसांचा दंडुका आणि महसुलाचे खाते जोडले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मिती मोजक्या मक्तेदारांच्या हाती एकवटली. १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्या-विकण्यावरच निर्बंध आणले. ही फुले आदिवासी घरांत टंचाईच्या दिवसांचे अन्नही होती. झाडाखाली पडलेले फूल गुन्ह्याचा मुद्देमाल झाले.

८/ मी हे बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रमहून लिहितो आहे. आमचे वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आले. ते मुंबई इलाख्यात नव्हते; त्यामुळे वरील दोन कायदे येथे लागू नव्हते. पुढे राज्यपुनर्रचना झाली आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा विदर्भावरही आला. त्यातही मोहफुलांवरची नजर कायम होती. ती बंधने महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये शिथिल केली. साहेब १९४७ ला गेला. त्याच्या संशयाला निघायला आणखी चौऱ्याहत्तर वर्षे लागली.

९/ ‘म्हणजे तुम्ही दारूचे समर्थन करता!’ हा आक्षेप येणारच. मुळीच नाही. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी १८८० साली वाढत्या दारू-दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला होता. आजही गावोगावच्या बाया मतदान करून बाटली आडवी करतात. हा विरोध संसार वाचवण्यासाठी आहे आणि तो इंग्रजी-देशी असा भेद करत नाही. माझा वाद ज्याला विलायती बाटलीत ‘वारसा’ दिसतो आणि मोहात केवळ ‘व्यसन’, त्याच्याशी आहे. विरोध करायचा तर दोहोंना करा. रसग्रहण करायचे तर दोहोंचे करा.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने ‘ही चव उच्च आहे’ हे विधान पुरावा म्हणून स्वीकारू नये; त्याचीच उलटतपासणी करावी. ती उच्च कोणी ठरवली? कोणत्या परवान्याने? आणि त्याच वेळी कोणाची भट्टी फोडली गेली? पुढच्या वेळी कोणी ‘इंडिया पेल एल ही भारताची देणगी’ असा धागा टाकला, तर त्याला एवढेच विचारा : मोहरा कायदा कोणाची देणगी?

(धागा समाप्त. मतभेद अवश्य मांडा. मात्र साधार मांडा.)