चेहऱ्यावरील लाली
स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर भर उन्हात तिष्ठून आलेल्याचा चेहरा लालबुंद दिसला, तर आम्ही ते मनावर घेत नाही. परंतु ती लाली महिनोन्महिने राहिली, कढत चहाने भडकली व गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, तर तो ‘रोझेशिया’ असू शकतो. सावळ्या कांतीवर लाली झाकली जाते. जळजळ मात्र होते. अशा वेळी गोरेपणासाठी घरात फिरणारी स्टेरॉईडयुक्त मलमाची नळी कदापि लावू नये, असे आमचे निक्षून सांगणे आहे. प्रथम आराम पडतो, पुढे त्वचा पातळ होऊन लाली दुणावते. २०१८ साली सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली. पण सासूची नळी सुनेस देताना चिठ्ठी कोण मागतो! त्वचारोगतज्ज्ञ मेट्रोनिडाझोलचे मलम देतात. रक्तवाहिन्यांस बहुधा लेसरच लागतो. जुनी नळी बंद करताच लाली काही काळ वाढते, म्हणून तीही त्यांच्याच देखरेखीखाली सोडावी.