कृष्णा-गोदावरीच्या तेलापुढे मेणाचा अडसर

गरजेच्या चार-पंचमांशांहून अधिक कच्चे तेल आयात करणाऱ्या भारतासाठी काकीनाड्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ३५ किलोमीटरवरील खोल समुद्री क्षेत्र महत्त्वाचे आहे. ओएनजीसीने जानेवारी २०२४ मध्ये तेथून तेल काढण्यास प्रारंभ केला; दैनंदिन ४५,००० बॅरल हे कमाल उद्दिष्ट. मात्र हे तेल मेणयुक्त आहे. भूगर्भातून ते उष्ण निघते. समुद्रतळाच्या थंडीत मेणाचे स्फटिक वाहिनीच्या आतील भिंतीवर साचतात आणि प्रवाहाची वाट अरुंद होते. म्हणूनच वाहिनीत वाहिनी बसवून मधल्या पोकळीत उष्णतारोधक थर देण्याचे, भारतात तोवर न वापरलेले तंत्र योजले गेले. तंत्र खर्चिक खरे. शिवाय असे आवरण असलेली उष्णता केवळ राखते. त्यामुळे खरी कसोटी उत्पादन दीर्घकाळ थांबल्यावर लागेल. तेल एकदा थिजले की ते पुन्हा वाहते करणे अतिशय जिकिरीचे असते.